बाटली भरलेलीच राहते

लकी चौकातून नवी पेठेत वळलं की दुकानांच्या पायऱ्यांलगत हातभर सावली उरलेली दिसते. त्या हातभर सावलीतून माणसं एकामागे एक, भिंतीला खांदा घासत चाललीत. एप्रिलचा शेवटचा आठवडा आहे, दुपारचा एक वाजत आलाय. रस्त्याच्या मधोमध चालायला जागा आहे. एरवी नवी पेठेत ती शोधून सापडत नाही, पण आत्ता तिकडे कुणी पाऊल टाकत नाही. दोन्ही बाजूंना दाटीनं लावलेल्या मोटारसायकलींपाशी येणारा जो तो आधी सीटवर हात टेकवून बघतो आणि झटकन मागं घेतो. एक बाई ओढणीची घडी करून सीटवर टाकते आणि मगच लेकराला पुढं बसवते.

दुकानं मात्र भरलेली आहेत. लग्नसराई आहे. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा आणि पलीकडे इंडी-विजापूरहूनही माणसं बस्त्याला सोलापुरातच येतात. एका दारात मराठीत घासाघीस चाललीय, शेजारी कानडीत, त्यापलीकडे शहराच्या पूर्व भागातल्या दोघीजणी तेलुगूत बोलत साडीचा काठ निरखताहेत. बस्ता म्हणजे दहा-पंधरा माणसं, एखादी क्रूझर नाहीतर सरळ एसटी. सकाळी निघायचं आणि एका दिवसात सगळं उरकून परतायचं. मुहूर्त ठरलेला, सुट्टी ठरलेली, पैशाची जुळणी झालेली. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, हा सल्ला रोज वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर येतो. सल्ला बरोबरच आहे. पण खेड्यातून आलेल्या माणसाला नेमकी तीच वेळ बाजारात काढावी लागते. सकाळी आठला दुकानं उघडलेली नसतात आणि रात्री उशिरा गावाकडं जायला वाहन नसतं.

मोबाइल गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला पोरगा मला फोनवरचा आकडा दाखवतो. 43 अंश.

"मॅडम, हे काय खरं नसतंय. जास्तच हाय."

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. हवामान खात्याचा तापमापक झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, मोकळ्या जागेत ठेवलेला असतो. तिथं ऊन थेट पोचत नाही, वारा मात्र खेळतो. म्हणजे 43 हा सावलीतल्या हवेचा आकडा. इथं डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेलं डांबर, समोर पत्र्याचे फलक आणि काचेच्या शोकेसमधून अंगावर परत येणारी झळ, या सगळ्याचा हिशेब त्यात नाही. आणखी एक गोष्ट सोलापूरकरांनी ध्यानात ठेवावी अशी. सपाटीवर उष्णतेची लाट जाहीर करायची तर पारा किमान 40 वर हवा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर हवा, नाहीतर थेट 45 तरी गाठायला हवेत. आपल्याकडं एप्रिल-मेची सरासरीच चाळिशीच्या आसपास आहे. त्यामुळे 43 ला कागदावर बहुतेक वेळा लाट नसतेच. शरीराला त्या कागदाशी काही देणंघेणं नाही. लाट जाहीर झाल्यावर काळजी घेऊ म्हणणाऱ्यानं या गावात वाटच बघत बसावं.

मी टॉवेल-चादरींच्या एका दुकानापाशी थांबते. दाराशी सोलापुरी टॉवेलांची चळत रचलेली आहे. वर हिरवी जाळी बांधलीय, पण ती पायरीपर्यंत पुरत नाही. त्या पायरीवर एक आज्जी बसल्यात. नऊवारी, कपाळावर गोंदण, मांडीवर कापडी पिशव्या. आत त्यांच्या घरचा बस्ता चाललाय, सून आणि दोन मुली गादीवर बसून टॉवेल मोजताहेत. आज्जींना आत बसा म्हटलं असणारच. पण आत माणसांची इतकी दाटी आहे की वाऱ्यासाठी त्या बाहेर आलेल्या दिसतात.

बाहेर वारा आहे तो भट्टीसमोरचा.

मी पुढं जाणार एवढ्यात आज्जी मला म्हणतात, "म्हशीला पाणी दावलं का गं?"

मी वळते. त्या माझ्याकडं बघताहेत, पण मला बघत नाहीत. पुन्हा तोच प्रश्न. मग एक हात पिशवीवरून घसरतो आणि त्या हळूहळू एका अंगावर कलायला लागतात. मी खांद्याला धरते. लुगड्याच्या जाड कापडातूनही अंगाची धग हाताला कळते.

पुढची काही मिनिटं सगळी पेठ तिथं गोळा झाल्यासारखी होते. "चक्कर आली," "उपास असंल," "बीपी कमी झाला." प्रत्येकाकडं एकेक कारण आहे. सून धावत बाहेर येते आणि "आत्याबाई, आत्याबाई" म्हणत गाल थोपटायला लागते. कुणीतरी कांदा फोडून आणतो आणि नाकाशी धरतो. एक माणूस पाण्याची बाटली उघडून थेट ओठाला लावणार, तोच गर्दीतून आवाज येतो, "तोंडात पाणी घालू नका! श्वासात जाईल."

आवाज साठीच्या आतबाहेरच्या एका बाईंचा आहे. हातात भाजीची पिशवी, म्हणजे लक्ष्मी मंडईकडून येताहेत. त्या पिशवी खाली ठेवतात आणि सरळ आज्जींच्या शेजारी बसतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत, एवढं त्या बोलता बोलता सांगून टाकतात.

"आज्जी, नाव काय तुमचं? कुठं आलाय आज?"

आज्जी काहीतरी पुटपुटतात. नाव नाही, गाव नाही.

"हे साधं चक्कर नव्हं," सिस्टर सुनेला म्हणतात. "ऊन लागलंय. 108 ला फोन लावा कुणीतरी. आणि यांना आधी सावलीत घ्या. अण्णा, पाणी किती हाय तुमच्याकडं?"

दुकानाचे मालक बोलत नाहीत. ते चळतीतले वरचे चार टॉवेल ओढतात, नवे, लेबल लावलेले, आणि जारखाली धरून चिंब करतात. ते दृश्य मला फार जवळून दिसतं. कोरा टॉवेल आधी पाणी घेतच नाही, पाणी वरून ओघळून जातं. मालक तो दोन्ही हातांनी चुरगाळतात, पुन्हा धार धरतात, मग एकदम कापड भिजतं आणि जड होतं. एक टॉवेल मानेखाली, एक छातीवर, दोन बगलांत. दोन पोरं खोक्याचे पुठ्ठे फाडून वारा घालायला लागतात. समोरच्या रसवंतीतून बर्फाचा तुकडा येतो. सिस्टर तो फडक्यात गुंडाळून जांघेत ठेवायला लावतात आणि बायकांना भोवती आडोसा करायला सांगतात. टॉवेल मिनिटा-दोन मिनिटांत गरम होतो, तो काढून पुन्हा भिजवायचा. पाय, पोटऱ्या, हात, सगळीकडं पाणी शिंपडत राहायचं.

"रिक्षात घालून लगेच सिव्हिलला न्यावं का?" एकजण विचारतो.

"न्यायचं हायच. पण गाडी येईपर्यंत हात थांबवू नका. आधी गार करायचं, मग हलवायचं. रिक्षात नुसतं बसवून नेलं तर तेवढा वेळ अंग आतून शिजतच राहतंय."

वैद्यकशास्त्र हेच सांगतं. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि माणसाचं भान हरपायला लागलं की तो उष्माघात. मग मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना किती इजा होणार, हे अंग किती वेळ तापलेलं राहिलं त्यावर ठरतं. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात ते 39 च्या खाली आणायची धडपड करायची असते. हा ताप जंतूंमुळे आलेला नसल्यानं पॅरासिटामॉलची गोळी इथं काही करत नाही, उलट यकृतावर भार टाकते. अनेकांची समजूत असते की घाम थांबला तरच ऊन लागलं. आज्जींच्या मानेवर ओल आहे. सिस्टर म्हणतात, घामाकडं बघू नका, बोलण्याकडं बघा. माणूस भलतंच बोलायला लागला, चिडायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, तर बाकी काही तपासत बसायचं नाही.

आज्जींचे डोळे फिरतात, थांबतात. सून पुन्हा हाक मारते. या वेळी उत्तर येतं, क्षीण, पण सुनेच्या नावानं. सुनेला रडू फुटतं. तिच्या पाठीवर हात ठेवणाऱ्या दोन्ही मुलीही थरथरताहेत.

रुग्णवाहिकेला आतपर्यंत यायला वाट नाही. ते आधीच ओळखून मोबाइल गल्लीतली पोरं कडेच्या गाड्या उचलून बाजूला करायला लागलीत, हँडल लॉक असलेल्या गाड्या चौघं मिळून सरळ उचलतात. स्ट्रेचर चालत आत येतं. ओल्या टॉवेलांसकट आज्जींना त्यावर ठेवतात. मालक आणखी दोन टॉवेल भिजवून सुनेच्या हातात देतात. पैशाचं कुणी विचारत नाही, तेही बोलत नाहीत.

गाडी गेल्यावर गर्दी पांगते. मागं थांबलेल्या दोन मुलींपैकी थोरलीला दुकानातल्या सेल्सगर्लनं स्टूल दिलंय. मी तिला पाणी देते आणि विचारते, सकाळपासून आज्जींनी पाणी किती घेतलं होतं?

"चहा घेतला सकाळी. मग एसटीत बसायचं म्हणून पाणी न्हाई घेतलं. हितं आल्यावर मी दिलं वो, तर आज्जी म्हणली, नको बाई. मग जायचं कुठं?"

मग जायचं कुठं. हे वाक्य ती खाली बघत, आवाज बारीक करून बोलते, जणू त्यात तिचंच काही चुकलंय. मी दुकानातल्या सेल्सगर्लकडं बघते. ती नजर चुकवते, मग स्वतःच बोलायला लागते. सकाळी दहा-साडेदहाला ती येते, रात्री नऊला सुटते. काउंटरखाली तिची एक लिटरची बाटली आहे. ती काढून दाखवते. दुपारचे दोन वाजून गेलेत, बाटली गळ्यापर्यंत भरलेली आहे.

"जेवताना दोन घोट. घरी गेल्यावर मग तांब्यानं पिते."

इथं स्वच्छतागृह आहे, पण ते गोदामापलीकडं, जिना चढून, तीन-चार दुकानांत मिळून एक. किल्ली मागावी लागते. किल्ली मागायची म्हणजे दुकानभर गिऱ्हाइकांसमोर, मालकासमोर, बरोबरच्या पोरांसमोर मागायची. दिवसातून एकदा मागता येते, दोनदा मागायला लाज वाटते. तिची एक मैत्रीण मुतखड्यानं हैराण झाली, दुसरीला लघवीची जळजळ सुटत नाही. दोघीही पाणी टाळणाऱ्या.

इथं मला थांबावंसं वाटतं. उन्हाळ्यात आपण सगळे एकमेकांना सांगत असतो, भरपूर पाणी प्या. डॉक्टर सांगतात, सरकार सांगतं, शाळेच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी लिहिलेलं असतं. त्या आज्जींना ते ठाऊक नव्हतं का? या मुलीला ठाऊक नाही का? दोघींनाही नीट ठाऊक आहे. बाईनं पाणी पिण्याआधी पुढच्या तीन तासांचा हिशेब केलेला असतो, आणि त्या हिशेबात बाजारातली एकही जागा तिच्या बाजूची नसते. पाणी कमी पडलं की रक्ताचं आकारमान घटतं, कातडीकडं जाणारा रक्तपुरवठा आखडतो, घाम कमी होतो आणि आतली उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. वय झालं की तहानही उशिरा लागते. त्यात आज्जींना रक्तदाबाची गोळी असेल, लघवी वाढवणारी, तर आणखी पाणी गेलेलं. (ही गोळी उन्हाळा आला म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांनाच विचारायचं.)

ही अडचण एकट्या सोलापूरची नाही. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारात कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांचा लढा असाच स्वच्छतागृहापासून सुरू झाला. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र आणलं. आधी लघवीला जाण्याचा प्रश्न, मग दिवसभरात बसायला मिळण्याचा. 2018 मध्ये केरळनं कायदा बदलला आणि दुकानात बसण्याचा हक्क दिला, 2021 मध्ये तमिळनाडूनं तेच केलं. आपल्याकडं मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी'च्या कार्यकर्त्या सार्वजनिक मुताऱ्यांसाठी झगडताहेत. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा तर ठरावीक संख्येपासून पुढं कामगार असलेल्या मालकांना पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह पुरवायला सांगतो, आणि जागा नसेल तर काही मालकांनी मिळून ती सोय करावी अशी मुभाही देतो. म्हणजे वाट आहे. पेठेतल्या दाटीचं कारण पुढं करायला जागा नाही.

तीनच्या सुमाराला मालाची हातगाडी येते. कापडाचे गठ्ठे, पुढं ओढणारा पन्नाशीचा हमाल, मागं ढकलणारा विशीतला पोरगा. थोरल्याच्या शर्टावर पाठभर पांढऱ्या रेघा उमटल्यात, वाळलेल्या मिठाच्या. सोलापूरची हवा कोरडी, घाम आला कधी आणि उडाला कधी ते कळतच नाही. अंग कोरडं दिसतं म्हणून माणूस समजतो की आपल्याला घामच आला नाही. खरं तर या उन्हात ओझं ओढणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जातं. तो लिटर अंगावर वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, त्यावरच माणूस तगतो. टॉवेलांचा उपयोग झाला तो याच कोरड्या हवेमुळे.

दमट हवेत हे साधत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसं उघड्या मैदानावर बसली होती. पारा 38 च्या आसपास, आपल्या सोलापूरच्या मानानं काहीच नाही. तरी 14 जणांचा जीव गेला. खाडीकाठची ओलसर हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि तासन्‌तास उठून जाता न येणारी गर्दी. आकडा कमी होता, पण घाम वाळायला वाव नव्हता आणि माणसाला सावलीकडं निघून जायला मोकळीक नव्हती.

थोरला हमाल गाडी सावलीत लावतो आणि पोराला हाताला धरून बसवतो.

"नवीन हाय," तो मला सांगतो. "चौथा दिवस. दम खायला सांगितलं तर लाजतंय."

त्याला कुणी शास्त्र शिकवलेलं नाही, पण तो जे करतोय ते पक्कं शास्त्र आहे. उन्हातल्या कामाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांनी लागते. तोवर घाम उशिरा सुटतो, त्यातून मीठ जास्त जातं, नाडी लवकर चढते. कामाच्या जागी उष्माघातानं दगावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतले नवखे फार असतात, आणि बरेच जण दांडगे तरुण असतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी थोडंच काम द्यावं, मग रोज थोडं वाढवावं. मजुरी गाडीमागं मिळत असेल तर हे अवघड जातं, हे मला कळतं. या मामांनी त्यावर आपल्यापुरती तोड काढलीय. पहिला आठवडा ओढायचं काम ते स्वतः करतात आणि पैसे निम्मे वाटून घेतात.

मामांच्या डब्याशेजारी स्टीलची किटली आहे. त्यात ज्वारीची आंबील, ताक घालून, वर मीठ, जिरं, लसणाचा वास. ते झाकणात ओतून आधी पोराला देतात, मग मलाही. मी घेते. घट्टसर, आंबूस, पोटात गेल्यावर थंडावा देणारी. पाणी, मीठ आणि हळूहळू पचणारं पिठूळ, तिन्ही तिच्यात आहेत. आपल्या भागातल्या शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या चैत्र-वैशाख आंबिलीवर काढलाय आणि आता आपण तिच्याऐवजी रंगीत बाटल्यांकडं वळलोय याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या बाटल्यांत साखर फार आणि मीठ नावाला.

ओआरएसच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी लिटरभर पाण्यासाठी 20.5 ग्रॅमची असते, त्यात मिठाबरोबर पोटॅशियम आणि सायट्रेटही असतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडं मी तीच मागते, तो ती पटकन देतो आणि आपणहून सांगतो की खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली. घरी पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जास्त मीठ घालून जास्त गुण येत नाही, उलट अपाय होतो.

स्वच्छ पाणी म्हणताना सोलापुरात जरा अडखळायलाच होतं. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी येतं आणि तेही नळाला रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात. घरात पिंपं भरून ठेवायची, दुकानात जार विकत घ्यायचा. म्हणून या पेठेत जो कुणी दारात माठ ठेवतो तो विकतचं पाणी वाटत असतो, आणि असे माठ मला आज तीन-चार ठिकाणी दिसले. लाल फडकं गुंडाळलेले, साखळीला बांधलेला पेला. त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. एका माठावर झाकण नव्हतं, तेवढं मी सांगून आले.

पाच वाजायला आलेत. टॉवेलांच्या दुकानात फोन येतो. आज्जींना सलाइन लावलंय, त्या नातीचं नाव घेऊन बोलताहेत, रात्रभर ठेवून घेणार आहेत. मालक फोन ठेवतात आणि सेल्सगर्लला म्हणतात, "ती किल्ली उद्यापासून तिथं खिळ्याला अडकव. कुणी मागायचं नाही, घ्यायची आणि जायचं. गिऱ्हाइकातल्या बायकांनाबी सांग."

अहमदाबादनं 2010 च्या मे महिन्यात एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू पाहिले, तेव्हा कुठं 2013 मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा आला. सोलापूरला तितकी किंमत मोजायची गरज नाही. महापालिकेनं नवी पेठेत बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, दिवसभर उघडं स्वच्छतागृह बांधावं, आणि ते बांधताना पेठेतल्या सेल्सगर्लना जागा विचारावी. पण तोवर थांबायचं कारण नाही. दुकानदारहो, या उन्हाळ्यात दारातली जाळी दोन हात पुढं ओढा, तिच्याखाली एक बाक टाका, झाकलेला माठ ठेवा आणि किल्ली खिळ्याला अडकवा. बस्त्याला येणाऱ्यांनो, म्हाताऱ्या माणसाला दुकानाच्या पायरीवर एकटं सोडू नका, दर अर्ध्या तासानं दोन शब्द बोला, उत्तर सरळ येतंय का ते बघा. ते सरळ आलं नाही तर 108 लावा आणि गाडी येईपर्यंत ओला टॉवेल बदलत राहा.